पळसाखालचा कोरडा कोपरा

"काडी हलवू नकोस," रुपाने मामेभाऊ अमरला दटावलं आणि संध्याकाळी बांधीतलं पाणी टेकलं होतं तिथे काडीवर नखाने खूण केली.

दिवाळीच्या सुट्टीत ती लाखनीहून लाखांदूरजवळ मामाच्या गावी आली होती. पण यंदा घरात रुसवा शिरला होता. मामाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, धान लोंबीला आलं होतं, आणि नेमका पळसाखालचा कोपरा वाळत होता. तुलाराममामा म्हणे, शेजारचा घनश्याम रात्री बांध फोडून पाणी पळवतो. म्हणून घनश्यामच्या मुलाशी, अंकुशशी, बोलायची अमरला बंदी!

निर्मलामामीला सगळं सारखं करायची सवय. चादर सारखी कर, भांग सारखा कर, चकल्यांचे वाटे सारखे कर. यंदाही तिने अंकुशचा वाटा काढला, पण डब्यातच झाकून ठेवला.

सकाळी अंकुश लपतछपत बांधीवर आला. पाणी खुणेलाच होतं.

"माह्या बाबानं नेलं असतं त खूण उघडी पडली असती," तो म्हणाला.

"मग कोपऱ्यात काहून नाही जात?" अमरने विचारलं.

रुपा सलवार खोचून चिखलात उतरली. बांधाजवळ घोटा बुडाला. पुढे नुसती बोटं भिजली. पळसाखाली पाय कोरडे. पाणी बिचारं सारखंच पसरलं होतं, जमीनच उंच होती!

तिघांनी मामाला अर्ध्या चहावरून उठवून आणलं. चपला काढायला लावल्या, डोळे मिटायला लावले. रुपाने हात धरून त्याला धानाच्या ओळींमधून जपून नेलं. पळसाशी पोचताच मामाने डोळे उघडले आणि पायाखालची कोरडी माती पाहिली.

रोवण्याआधी चिखलावर फळी ओढून जमीन सारखी करतात. दरवर्षी वजनाला त्या फळीवर अमर आणि अंकुश बसत. यंदा त्या दिवशी पोरं शाळेत, आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या मामाच्या कानाला मोबाईल. ट्रॅक्टर पळसाच्या अलीकडूनच वळला होता.

"इथं फळीच नाही फिरली," मामा पुटपुटला.

चिखलाच्या पायांनीच तो घनश्यामच्या अंगणात गेला. काय बोलला ते पोरांना ऐकू आलं नाही, पण थोड्या वेळाने दोघं फावडी घेऊन आले. पाणी बाहेर जायची वाट त्यांनी मातीने उंच केली. घनश्यामने त्या दिवशीची आपली पाण्याची पाळी मामाच्या बांधीत सोडली. पाणी चढत चढत पळसाच्या मुळाशी जाऊन बसलं.

"पोट्टे हुशार निघाले," घनश्याम म्हणाला. "पुढच्या साली फळीवर या दोघायले बसवजो, तुलाराम. मोबाईल मी धरीन."

संध्याकाळी मामीने डबा उघडला. अंकुशचा वाटा त्याच्या ओंजळीत ओतला, वर आपल्याही चकल्या ठेवल्या.

"त्याले जास्त झाल्या," अमर कुरकुरला.

"इतके दिवस त्याले काहीच नव्हतं न?" अंकुशच्या केसांवरून हात फिरवत मामी म्हणाली. "आता झालं सारखं."