खर्जातला आवाज

सिग्नल हिरवा झाला, तरी तो माणूस रस्त्याच्या मधोमध उभाच.

तिने हॉर्न वाजवला नाही. या गाडीत बसून हॉर्न वाजवायचा नाही, असा बाबांचा दंडक होता. मागच्यांना तसला काही दंडक नव्हता, त्यांनी कल्ला सुरू केला. तो मात्र मान एका बाजूला कलती करून, डोळे अर्धवट मिटून ऐकत होता… हॉर्न नव्हे, गाडी. मग तरातरा तिच्या खिडकीशी आला.

"काका कुठायत?"

"कोण काका?"

"या गाडीचे. आवाजावरून ओळखली मी. गाडी त्यांची आहे, पाय त्यांचा नाही. ते क्लच असा ताणत नाहीत."

एरवी तिला राग आला असता. पण तो 'नाहीत' म्हणाला होता. बाबांबद्दल वर्तमानकाळात बोलणारं माणूस तिला कितीतरी दिवसांनी भेटत होतं.

"बाबा गेले," ती म्हणाली. "उन्हाळ्याच्या सुरुवातीला."

छपरावर टेकलेला त्याचा हात तसाच राहिला. मागून कुणीतरी दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तेव्हा कुठे तो भानावर आला.

"त्यांचा एक खोका माझ्याकडे पडून आहे," तो म्हणाला. "पुढच्या वळणावर, टायरच्या दुकानामागे माझं गॅरेज आहे. या. आणि… क्लच सोडा हो. बिचारीचा जीव जातोय."

गॅरेजमध्ये सगळे त्याला उस्ताद म्हणत. बाबाही तेच म्हणायचे म्हणे. वयाने तिच्याएवढाच असेल, पण हातांवरच्या काळ्या रेषा पाहून कुणालाही वाटावं, हा जन्मल्यापासून इथेच आहे. त्याने माळ्यावरून खोका काढला, फडक्याने पुसला आणि तिच्यासमोर उघडला. आत कोपरात वाकवल्यासारखा एक चकचकीत पाइप, रबरी जोड, आणि शंकूच्या आकाराचा लाल फिल्टर.

"हे काय?"

"गाडीचं नवं नाक. इंजिनालाही श्वास लागतो ना? आवाज होऊ नये म्हणून कंपनी त्या नाकावर रुमाल बांधून देते. हे लावलं की रुमाल सुटतो."

"मग गाडी जास्त पळते?"

"किंचित. लोक फुशारक्या मारतात तेवढी नाही. वाढतो तो आवाज."

"बाबांना या वयात आवाज कशाला हवा होता?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, उस्ताद, गाडी मुकी झालीय. दोनदा तपासली मी, ठणठणीत होती. तरी त्यांचं आपलं एकच… मुकी झालीय." तो हसला. मग तिच्याकडे पाहून त्याचं हसू विझलं. "पाइप आल्याचा फोन केला, तर उचललाच नाही कुणी."

ती पाइपवरून बोट फिरवत राहिली. म्हातारपणची हौस, दुसरं काय, तिला वाटलं. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून ती कामाचं बोलली.

"तुम्हाला उजव्या कानाने कमी ऐकू येतं."

"काय?"

"हेच. मी आत्ता उजव्या बाजूने बोलले, तर तुम्ही मान वळवलीत. रस्त्यातही अशीच कलती केली होती. मी हॉस्पिटलात हेच काम करते, लोकांचे कान तपासते."

"पकडलंत." त्याने कपाळावर हात मारला. "आणि मी समजत होतो, अशी मान केली की मी रुबाबदार दिसतो."

"दिसता," तिच्या तोंडून गेलं. "म्हणजे… काहींना वाटत असेल तसं."

"हे एवढं डाव्या बाजूला येऊन सांगता का? नीट ऐकू नाही आलं."

कितीतरी दिवसांनी ती हसली. हसली, आणि लगेच तिला अपराध्यासारखं वाटलं.

"मग लावू पाइप?" त्याने विचारलं.

"नको," ती म्हणाली.

का नको, हे तिने त्याला सांगितलं ते बऱ्याच दिवसांनी. तोवर गाडी त्याच्याकडेच असायची. हॉस्पिटलातून सुटलं की ती गॅरेजमध्ये यायची, तो हात धुऊन तयार असायचा, आणि दोघं गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत चक्कर मारून यायची. ती चालवायची, तो शेजारी बसून शिकवायचा. गाडीत ती त्याच्या उजव्या हाताला यायची, नेमकी ऐकू न येणाऱ्या बाजूला. त्यामुळे तिला काय वाट्टेल ते पुटपुटता यायचं.

"काय म्हणालात?"

"काही नाही. गिअर बदलू का, विचारलं."

"एवढं लाजत विचारतात गिअर?"

अशाच एका संध्याकाळी तळ्याकाठी गाडी थांबवून तिने सांगितलं. बाबा घरी यायचे तेव्हा आधी कोपऱ्यावर हा आवाज यायचा, एक बारीक गुरगुर, आणि मग फाटकापाशी सुस्कारा टाकल्यासारखा. कोपऱ्यावर आवाज आला की आई चहा टाकायची. गाडी बंद होईपर्यंत चहा उकळलेला असायचा. बाबा गेल्यावर पहिल्यांदा तिने गाडी बाहेर काढली, चक्कर मारून परत आली, तर आई स्वयंपाकघरात उभी. समोर दोन कप. "सवय मेली," आई हसून म्हणाली होती. दुसऱ्या वेळी हसली नाही. तिसऱ्या वेळी चहा ओतूनही टाकला नाही, नुसती त्याच्याकडे बघत राहिली. आणि म्हणाली, "माझी ही सवत विकून टाक बाई. तिचा आवाज आला की मला वाटतं, हे आले."

"सवत?" उस्ताद म्हणाला.

"पहिल्यापासून तेच म्हणते ती. माझ्यापेक्षा जास्त वेळ हिलाच देता, म्हणून चिडवायची बाबांना." ती थांबली. "मला हा आवाज हवाय. आणि आईला तो सोसवत नाही. फोनवर भरून घेतला मी, पण ऐकला तर… डबीत कोंडलेली माशी."

गिअरवर ठेवलेल्या तिच्या हातावर त्याने हात ठेवला. मग लक्षात आलं तसा काढून घेतला, आणि तिच्या बाहीवर उठलेला काळा डाग पाहून ओशाळला.

तो डाग तिने धुतला नाही.

आणि एका सकाळी आईने सांगितलं, "मामाने गाडीला गिऱ्हाईक आणलंय. रविवारी बघायला येतील. तू नाही म्हणू नकोस."

ती तशीच गॅरेजमध्ये गेली. उस्ताद एका गाडीखाली झोपला होता. तिचे पाय दिसले तसा घसरत बाहेर आला.

"रविवारी जातेय गाडी."

तो उठून बसला. बराच वेळ हातातला पाना फडक्याने पुसत राहिला. पाना केव्हाचाच स्वच्छ झाला होता.

"एक विचारू? रागावू नका. आईंना गाडी सोसत नाही, की तिचा आवाज?"

"आवाज."

"मग आवाज बदलू या. खोका आहेच."

"म्हणजे बाबांचा आवाज मीच पुसायचा? माझ्या हाताने?"

"विकलीत तर तो दुसऱ्याच्या कोपऱ्यावर वाजेल," तो हळूच म्हणाला. "पाइप लावलात तर आवाज जाईल, गाडी राहील. दोन्ही राहील असं काही माझ्याकडे नाही. असतं तर… तुम्हाला दिलं नसतं का?"

तिने गाडीकडे पाहिलं. मग जाऊन आत बसली, इंजिन चालू केलं आणि डोळे मिटून ती बारीक गुरगुर एकदा शेवटपर्यंत ऐकली. बंद केली.

"लावा," ती म्हणाली. "पण मी मदत करणार."

त्याने बॉनेट उघडलं, बॅटरीची एक तार सोडवली. काळ्या प्लास्टिकच्या पेटीचे पट्टे तिच्याकडून ढिले करून घेतले. पेटीतून जुना कागदी फिल्टर निघाला, घड्याघड्यांचा, करडा पडलेला. त्यात एक वाळलेलं पान आणि दोन मेलेली फुलपाखरं अडकली होती. सवयीने त्याचा हात हवेच्या नळीकडे गेला, जुना फिल्टर फुंकून साफ करायला. तिच्या तोंडून नुसतंच "अं…" निघालं. नळी जागच्या जागी थांबली. तो फिल्टर त्याने धुळीसकट फडक्यात गुंडाळला आणि तिच्या पर्समध्ये ठेवला. विचारलं नाही, सांगितलं नाही.

मग नवा पाइप. जुन्या पेटीवरचा हवा मोजणारा इवलासा सेन्सर त्याने फुलासारखा उचलून नव्या पाइपवर बसवला. जोडांचे पट्टे आधी हाताने, सैलसर. सगळं नीट जागेवर बसलं की मग पाना. "आधीच आवळलं की वाकडं बसतं," तो म्हणाला. "सगळ्याच गोष्टींचं असतं तसं." हे म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे… आणि दोघांनी मिळून शेवटचा पट्टा आवळला.

त्याने बॅटरीची तार परत जोडली. "मारा स्टार्टर."

गाडी खोकली, थरथरली आणि बंद पडली. पुन्हा तेच.

तिने किल्ली सोडून दिली. "मेली?"

त्याने आत डोकं घातलं, आणि कितीतरी वेळ बाहेर काढलंच नाही. काढलं तेव्हा कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता.

"सेन्सरची पिन जोडायची राहिली. शिकाऊ असतानाही नाही झाली ही चूक. तुम्ही… समोर उभ्या नका राहू बरं कामाच्या वेळी."

पिन बसली. आणि गाडी बोलली.

ती गुरगुर नव्हतीच. खालून, खूप खालून आलेला आवाज, जमिनीतून तळपायात चढणारा, छातीत घुमणारा. खर्ज. तिने पायाने थोडा जोर दिला आणि तो आणखी भरून आला. ती ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता तिच्या डोळ्यांसमोर एक आलेख उभा राहिला. तिनेच काढलेला, बाबांच्या कानतपासणीचा. काचेपलीकडे, कानांवर हेडफोन लावून बसलेले बाबा. बारीक, उंच आवाज सोडले की त्यांचं बोट बटणावर हलायचंच नाही. जाड, खालचे सोडले की लगेच. यंत्र लावा म्हटलं, तर नाही म्हणाले होते. मला हवं तेवढं येतं ऐकू.

तिने इंजिन बंद केलं.

"गाडी मुकी नव्हती झाली," ती म्हणाली. "बाबांना तिचा आवाज पोचत नव्हता. तो बारीक होता, त्यांच्या कानांतून गेला होता. हा… हा पोचला असता. त्यांना एवढाच शिल्लक होता."

आणि मग ती स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, आवाज करून. उस्ताद दार उघडून शेजारी बसला. तेवढं त्याला कळत होतं.

ऊन कलताना दोघं तिच्या घरी निघाली. कोपरा आला, तसा तिने वेग कमी केला. गाडी घुमत वळली, फाटकाशी थांबली. आई बाहेर आली, पदराला हात पुसत. हातात कप नव्हता.

"कुणाची गं गाडी?"

"आपलीच. नवा पाइप बसवला. बाबांनीच मागवला होता."

आई जवळ आली, बॉनेटवर तळवा ठेवून उभी राहिली. तिने आईला सगळं सांगितलं, हळूहळू, तोडून तोडून. बारीक आवाज, जाड आवाज, मुकी गाडी.

"म्हणजे माझं बोलणंही…" आई म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा पातळ होता, पहिल्यापासून. "मी म्हणायची, यांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं. आणि ते नुसते हसायचे."

इंजिन घुमत राहिलं. आईने तळवा उचलला नाही.

"ओळखू येत नाही आता," शेवटी ती म्हणाली. "हे आले, असं नाही वाटत." मग तिने तळवा काढला. "मामाला सांगते, रविवारी येऊ नका. राहू दे सवत." आणि आत वळता वळता, उस्तादकडे न बघता, "तिघांचा टाकते चहा. याला म्हणावं हात धुऊन घे."

आई गेली. दोघं गाडीत बसून राहिली. तो समोर बघत होता. त्याचा उजवा कान तिच्याकडे. इतके दिवस त्या कानात तिने जे काय काय पुटपुटलं होतं, ते सगळं बारीक, उंच, हवेत विरणारं. बाबांना ऐकू जावं म्हणून ती आवाज चढवत राहिली होती. चढवावा तितका तो आणखी निसटत गेला होता.

तिने इंजिन बंद केलं. श्वास घेतला. आणि आवाज खाली आणला, छातीपर्यंत, आणखी खाली…

"उद्याही ये तू," ती म्हणाली. "गाडीसाठी नाही."

त्याने मान वळवली नाही. कलतीही केली नाही.

"येईन," तो म्हणाला. "ऐकलं मी. याच कानाने."