नागप्पाच्या विहिरीचा गुन्हेगार

"सायेब, चार वाजता माज्या नवऱ्याला पोलिसात देनार हायत. तुमी चला!"

मायाक्का दारातूनच ओरडली. आप्पाने कपाळाला हात लावला. शहात्तर सालचा मे महिना, सोलापूरचं ऊन, आणि खासगी गुप्तहेर शिवपुत्र हत्तुरे यांनी तर चपला चढवल्यादेखील! आपण त्यांचे मदतनीस म्हणजे फुकटचे हमाल, असं आप्पाचं ठाम मत होतं.

अक्कलकोट रस्त्यावरच्या त्या गावी पोचेपर्यंत एसटीत सगळं कळलं. नागप्पाच्या विहिरीला रॉकेलचा वास सुटला होता. आदल्याच दिवशी मेंढरं पाजण्यावरून मायाक्काच्या नवऱ्याचं, बिरप्पा धनगराचं त्याच्याशी भांडण झालेलं, आणि काठावर बिरप्पाचा रॉकेलचा रिकामा डबा सापडलेला.

"त्या डब्यानं तर आमी मेंढरास्नी पानी पाजतो की!" मायाक्का रडत म्हणाली.

नागप्पा आधीच पिसाळलेला होता. "किती जनास्नी सांगू? त्यानंच वतलंय! त्याला चावडीत कोंडला, मग इंजन लावून हीर तळापातूर उपसली. नवं पानी आलं, त्यालाबी त्योच वास!"

हत्तुऱ्यांनी त्याच्या बायकोला, चंद्रव्वाला विचारलं, "डाळ शिजते का हो?"

"अहो हत्तुरे!" आप्पाचा तोल सुटला. "इथे माणूस तुरुंगात चाललाय आणि तुम्हाला वरण सुचतंय?"

"न्हाय शिजत," चंद्रव्वा उसळली. "तीन आटवडं झालं, पानी खारट झालंय. चूल जाळून जाळून मी दमले, दाना टच्च ऱ्हातोय. वर सासू मलाच बोलतीया!"

"तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही कुठे होता?" हत्तुऱ्यांनी मायाक्काला विचारलं.

"बार्शीकडं, मेंढरं घिऊन. आट दिस झालं येऊन."

गावाबाहेर जमिनीतला वायू शोधणाऱ्या एका कंपनीचा कॅम्प होता. मॅनेजर बोरामणीकर अभिमानाने सांगू लागले, "खोल बोअर मारायची आणि मीठ, डिझेल घातलेलं पाणी जबर दाबाने आत सोडायचं. खडक फुटतो, वायू मोकळा होतो."

"आणि परत वर येतं ते पाणी?"

"रोज टँकरने लांबच्या पडक्या खाणीत."

एवढ्यात टँकरच्या सावलीत टेकलेला आप्पा किंचाळला. खालून कुत्री धावून आली होती आणि त्याच्या विजारीचा तुकडा तिच्या तोंडात होता. चाकाला लागून तिने उकरलेल्या खड्ड्यात चार पिलं नुकतेच उघडलेले डोळे मिचकावत होती.

"छान!" आप्पा म्हणाला. "आता विजार कोण देणार?"

पावणेचारला हत्तुऱ्यांनी मॅनेजरसह सगळ्यांना चावडीत बसवलं.

"बिरप्पा कोंडलेला असताना विहीर उपसली, तरी नव्या पाण्याला वास. म्हणजे वास झऱ्यांतूनच येतोय. पाणी खारट झालं तेव्हा बिरप्पा बार्शीकडे होता, आणि रॉकेलने पाणी खारट होतही नाही. मीठ आणि तेल एकत्र कुठे असतं, ते मॅनेजरसाहेबांनीच सांगितलं."

"पण टँकर रोज..."

"रोज हलणाऱ्या टँकरखाली कुत्री वीत नाही, साहेब. पिलांचे डोळे उघडायला दहा-बारा दिवस लागतात. पाणी कुठे गेलं?"

बोरामणीकरांचा संयम सुटला. "ड्रायव्हर महिन्यापूर्वी सुट्टीवर गेला, तो आलाच नाही! पाणी काय डोक्यावर घेऊन नाचू? मागच्या कोरड्या बोअरमध्ये सोडलं. खाली अखंड काळा खडक आहे!"

"होता. तो तुम्हीच फोडलात."

मग नागप्पा उठला आणि त्याने आपल्या हाताने बिरप्पाच्या खोलीची कडी काढली. नागप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"चुकलो, गड्या. मेंढरं आन तुजी. आजपासनं माज्याच हिरीवर पाज."

नवरा सुटल्याच्या आनंदात मायाक्काने त्याचा हात धरला. बिरप्पा मात्र हत्तुऱ्यांकडे वळला.

"सायेब, त्ये पानी आता चांगलं कदी व्हनार?"

आप्पानेही त्यांच्याकडे पाहिलं. हत्तुऱ्यांकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असतं, याचाच त्याला आजवर राग यायचा. आज त्यांनी ‘ठाऊक नाही’ अशी मान हलवली.

बिरप्पाने पागोटं सारखं केलं. "मग मेंढरास्नी पाजू तरी काय, नागप्पा?"