आता बेडूक लागणार नाहीत

डब्याचं झाकण निसटलं आणि बेडूक टुणकन तिच्या बुटावर येऊन बसला.

“हलू नका हं,” डबा घेऊन आलेला तरुण म्हणाला, “तो घाबरलाय.”

“आणि मी?”

“तुम्ही जरा नंतर घाबरा.”

ओळख झाली ती अशी. ती प्रयोगशाळेत फ्लूवरचं औषध शोधणारी. तो तळ्याकाठी हिंडून तिच्यासाठी बेडूक आणणारा. बेडकाच्या कातडीवरचा चिकट स्राव ती हलक्या हाताने टिपून घ्यायची, मग तो त्या बेडकाला पुन्हा त्याच्या तळ्यात सोडून यायचा. त्या स्रावातला प्रथिनाचा एक इवलासा तुकडा फ्लूच्या विषाणूला चक्क फोडून काढत होता. ती त्याला ‘बेडूकराव’ म्हणायची, तो तिला ‘मॅडम’... पण असा काही डोळ्यांत हसून, की तिच्याकडून थेंब भलतीकडेच पडायचा. गुरुवारी तो यायचा. गुरुवारी तिचं सगळं लक्ष दाराकडे.

मग एके दिवशी त्या तुकड्याची घडण तिला नेमकी उलगडली. औषध व्हायला अजून बरीच वर्षं होती, पण तो तुकडा आता यंत्रातच बनवता येणार होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या; ती मात्र दाराकडे बघत राहिली. बेडूक नकोत म्हणजे तोही नको. दूर डोंगरात वर्षभराचं काम त्याची वाट बघत होतं, आणि तिचं काम अर्धवट सोडवेना म्हणून तो थांबला होता.

दोन गुरुवार ती मूग गिळून बसली. तिसऱ्या गुरुवारी तो आला तो ताप अंगावर काढतच... भिजलेला, डोळे लाल.

“बेडकांना पाण्यात सर्दी होत नाही, तुम्हाला बरी होते,” ती रागावली, आणि मग एका दमात सांगून टाकलं. “आता बेडूक लागणार नाहीत. काम केव्हाच झालंय. मीच सांगितलं नाही.”

“का?”

“तुम्ही गेला असतात.”

तो डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिला. “जावं तर लागेलच,” तो हळूच म्हणाला. “डोंगरातल्या कामाचा शब्द दिलाय.”

ती पुढे सरकली.

“जवळ येऊ नका, मॅडम... लागण होईल.”

“ती कधीच झालीय.”

त्याने मान वर केली. या खेपेला तो हसला नाही.

“मग एक करा,” तो म्हणाला. “मी परत येईपर्यंत औषध घेऊ नका.”