गोल परत घेतला तेव्हा

स्कार्फ हवेत भिरकावला तेव्हा योरीनचे डोळे मिटलेले होते. आनंदाने. आर्नहेमच्या विटेस या फुटबॉल संघाने सव्वाशे वर्षांत पहिल्यांदा देशाचा कप जिंकला होता, आणि रॉटरडॅमच्या मैदानाबाहेर अर्धं आर्नहेम नाचत होतं. तिने डोळे उघडले, तर स्कार्फ गायब. नदीवरच्या वाऱ्याने तो मधल्यामध्ये उचलला होता आणि रस्त्याकडेच्या फ्राइजच्या गाडीत, नेमका चिरलेल्या कांद्याच्या परातीत नेऊन टाकला होता.

गाडीतल्या तरुणाने तो दोन बोटांच्या चिमटीत धरून वर उचलला. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांवरून कांदा ठिबकत होता.

"कुणाचं आहे हे?"

"माझं..." योरीन धापा टाकत पुढे आली.

"कांदा अजून घालू, की एवढा पुरे?"

तिला हसू आवरेना. त्यालाही. एप्रिलचं तिरकं ऊन त्याच्या पापण्यांवर पडलं होतं, आणि त्या पापण्या फारच लांब होत्या. असल्या गोष्टी आपल्याला एरवी दिसत नाहीत, असं योरीनला वाटून गेलं.

त्याचं नाव वेसेल. आठवडाभर तो बंदरात मोठाल्या जहाजांना ओढून आणणाऱ्या बोटीवर काम करायचा आणि सामन्याच्या दिवशी आईच्या गाडीवर बटाटे तळायचा. स्कार्फ झटकून त्याने तिच्या हातात दिला. वर फ्राइजची कागदी थाळीही ठेवली, शेंगदाण्याचा सॉस घातलेली.

"ही कशाबद्दल?"

"सव्वाशे वर्षं उपाशी होता ना तुम्ही. खा."

"आम्ही उपाशी? आणि तुमच्या फेयेनूर्डने लीग जिंकून अठरा वर्षं झाली, त्याचं काय?"

"यंदा जिंकतोय. दोनच सामने उरलेत, त्यातला एक जिंकला की झालं." मग तो खिडकीतून बाहेर वाकला. "तुमचं छताखालचं मैदान म्हणे टेबलाच्या खणासारखं बाहेर ओढून ठेवता?"

"गवताला ऊन लागतं. तुम्हाला काय कळणार त्यातलं? तुमच्याकडे नुसतं तेल."

मागे तेलाच्या कढईपाशी उभी असलेली त्याची आई खुदकन हसली. "वेसेल, ही पोरगी तुला पुरून उरणार."

बसगाड्या सुटायची वेळ झाली. योरीनचा भाऊ लांबून तिच्या नावाने हाका मारत होता. वेसेलने हात पुसले, पुन्हा पुसले, मग खिशातून फोन काढला.

"तुझा नंबर..."

देऊन टाकावा असं तिला फार वाटलं. पण इतका वेळ जे चाललं होतं ते थट्टेत चाललं होतं, आणि थट्टेतच तिने उत्तर दिलं, "असा नाही मिळायचा. तुम्ही लीग जिंका, मग बघू."

वेसेलने डोळे बारीक केले. "म्हणजे थाळीच्या सामन्याला?"

हा थाळीचा सामना तिकडच्या शाळेतल्या पोरांनाही पाठ असतो. ऑगस्टमध्ये नवा हंगाम सुरू होण्याआधी लीग जिंकणारा आणि कप जिंकणारा एकदाच समोरासमोर येतात. बक्षीस म्हणून चषक नाही, क्रायफ या जुन्या थोर खेळाडूच्या नावाची चांदीची मोठी थाळी मिळते. कप आर्नहेमला गेलाच होता. आता लीग रॉटरडॅमला आली, तर दोन्ही गावांना एकमेकांचं तोंड पाहावंच लागणार होतं.

"हो, त्याच सामन्याला," योरीन म्हणाली.

"विचार कर हं. हा सामना मुळात एकोणपन्नास साली झाला. स्खिडाम आणि नाइमेगन, या दोन गावांचे संघ. लोक घरी गेले, पुढच्या वर्षी पुन्हा भेटू म्हणाले असतील... आणि पुढचा सामना झाला एक्याण्णव साली. इथेच. बेचाळीस वर्षं कुणाला आठवणसुद्धा झाली नाही."

"तुला बरं हे सगळं पाठ?"

"माझे आजोबा स्खिडामचे. ते वाट बघत बसले होते ना."

योरीन मागे वळली. पुन्हा त्याच्याकडे वळली. "मग नीट खेळा," ती म्हणाली आणि पळाली.

घरी तिने स्कार्फ धुतला नाही. आई म्हणाली, कपाटात कांदे ठेवलेस की काय? योरीन म्हणाली, कपाचा वास आहे तो.

पुढच्या रविवारी आर्नहेममध्ये एक चमत्कारिक दृश्य दिसलं. विटेसची पक्की पाठीराखी, प्राथमिक शाळेतली योरीनबाई, रेडिओला कान लावून फेयेनूर्डसाठी नखं कुरतडत होती. आणि फेयेनूर्ड हरलं. तेही आपल्याच गावातल्या शेजाऱ्यांकडून, तीन-शून्य. ती गच्चीवर जाऊन बसली. एक नंबर... नुसते आकडे ते. दिले असते तर काय बिघडलं असतं? बेचाळीस वर्षं हा शब्द तिच्या मनात नदीत पडलेल्या दगडासारखा खाली खाली जात राहिला.

त्याच्या पुढच्या रविवारी मात्र फेयेनूर्ड जिंकलं. योरीनने अशी आरोळी ठोकली की भावाच्या हातातली कॉफी सांडली.

"तुला झालंय काय? कुणाची बाजू घेतेयस?"

"थाळीची," ती म्हणाली.

उन्हाळ्यात बातमी आली. वीस वर्षं ॲम्स्टरडॅमला होणारा हा सामना यंदापासून लीग जिंकणाऱ्याच्या घरच्या मैदानावर होणार. म्हणजे त्याच रस्त्यावर. त्याच गाडीपाशी.

ऑगस्टची संध्याकाळ ढगाळ होती. पाऊस पडत नव्हता, पण हवेत त्याचा ओलसर गंध होता. योरीनने रेनकोटच्या आत, गळ्याभोवती स्कार्फ गुंडाळला होता. गाडी दिसली. खिडकीत वेसेल दिसला.

"उशीर केलास," तो म्हणाला.

"बेचाळीस वर्षं तर नाही झाली."

"मला झाल्यासारखी वाटली." असं बोलून तो लगेच थट्टेवर गेला, "कांद्याला तर फारच आठवण येत होती तुझी."

हेच योरीनला नको होतं. तीन महिने तिने एकच गोष्ट मनात घोळवली होती. या मुलाच्या थट्टेच्या मागे काही आहे, की नुसती थट्टाच आहे? आज ते कळायला हवं होतं. नाही कळलं, तर पुन्हा असं मैदान आणि अशी संध्याकाळ कुठून आणायची?

त्याच्या आईने एप्रन सारखा केला. "तुम्ही दोघं जा. माझ्या खुर्चीवर तू बस, पोरी. वर्षभराचं तिकीट काढते, पण बसायला मिळतंय कुठे? मी इथून नुसत्या आवाजावरून सांगते कुणाचा गोल झाला ते."

अशा तऱ्हेने योरीन फेयेनूर्डच्या लोकांमध्ये, लाल-पांढऱ्या समुद्राच्या ऐन मध्यावर वेसेलच्या शेजारी जाऊन बसली. समोरच्या टोकाला तिची पिवळी माणसं एका कोपऱ्यात गात होती. सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला आणि फेयेनूर्डने गोल केला. सगळे उठले, योरीन बसून राहिली. मागच्या रांगेतले एक आजोबा वाकून म्हणाले, "बेटा, तुझ्या कोटातून पिवळी झालर लोंबतेय. आत खोच, आम्ही काही बघितलं नाही."

वेसेल हसून हसून लाल झाला. त्याने ती झालर हलकेच आत सारली. त्याची बोटं क्षणभर तिच्या मानेपाशी राहिली. मग दोघंही मैदानाकडे बघू लागली, पण सामना कुणालाच धड दिसत नव्हता.

उत्तरार्धात विटेसचा एक खेळाडू फेयेनूर्डच्या गोलपाशी पडला. योरीन अर्धवट उठली. पंचांची शिट्टी वाजली नाही. चेंडू सुटला, या टोकाकडून त्या टोकाकडे धावला, आणि विटेसच्या जाळ्यात गेला.

सगळं मैदान फुटलं. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. वेसेलने योरीनचे दोन्ही खांदे धरले आणि त्या गदारोळात, तिच्या अगदी कानाशी ओरडून म्हणाला, "योरीन, माझं प्रेम आहे तुझ्यावर."

तिला ते नीट ऐकू आलं. तिने काही म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात गलका विरत गेला. पंच कडेच्या छोट्या पडद्याकडे चालले होते. व्हिडिओ रेफरी नावाचा प्रकार तेव्हा नवा होता. लोकांना कळेना काय चाललंय. पंचांनी पडदा बघितला आणि हात केला. मघाशी विटेसच्या खेळाडूला पाडलं होतं, तो फाउलच होता. त्यानंतरचं काही घडलंच नाही असं धरायचं. गोल रद्द. पेनल्टी विटेसला.

सगळे खाली बसले. वेसेलही बसला. त्याचे हात तिच्या खांद्यांवरून सुटले.

"मग..." योरीनने समोर बघतच विचारलं, "त्यानंतरचं सगळंच रद्द का?"

"पंचांना विचारावं लागेल," तो म्हणाला. सवयीने.

तिने रेनकोटची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. गोलच्या धुंदीत माणसं काहीही बोलतात. मागचे आजोबाही मघाशी कुणा अनोळखी माणसाचा मुका घेत होते.

वेसेलने तिच्याकडे बघितलं. ती चेन त्याला दिसली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

विटेसचा खेळाडू धावत आला. चेंडू जाळ्यात गेला. एक-एक.

समोरचा पिवळा कोपरा उसळला, आणि बाकी सगळं मैदान गप्प झालं. वरच्या निशाणांची फडफड ऐकू यावी इतकं गप्प. आजूबाजूला लोकांनी डोक्याला हात लावले होते. योरीनच्या संघाने बरोबरी साधली होती, आणि तिला साधी टाळीही वाजवता येईना.

त्या शांततेत वेसेल तिच्याकडे वळला.

"योरीन." या वेळी तो ओरडला नाही. "आता गोल तुमचा आहे. आमचा गेला. आनंद होण्यासारखं इथे माझ्याकडे काही नाही... तरी सांगतो. माझं प्रेम आहे तुझ्यावर. एप्रिलपासून."

रांगेतल्या सगळ्यांना ते ऐकू गेलं. मागचे आजोबा खाकरले. "हे मोजायचं, बेटा. याआधी कुणाला पाडलेलं नाही."

योरीनने चेन खाली ओढली. स्कार्फ बाहेर काढला आणि त्याचं एक टोक वेसेलच्या गळ्यात टाकलं.

"कांद्याचा वास येतोय," तो हळूच म्हणाला.

"धुतला नाही मी," ती म्हणाली. "एप्रिलपासून."

सामना बरोबरीतच संपला, म्हणून पुढे पेनल्ट्या झाल्या. फेयेनूर्ड जिंकलं, लाल-पांढऱ्या माणसांनी चांदीची थाळी डोक्यावर घेतली, आणि एका पिवळ्या स्कार्फमध्ये दोन माणसं अवघडून उभी राहिली. तो उडी मारायला गेला की तिची मान ओढली जायची, म्हणून त्याने उडी मारायचं सोडून दिलं.

बाहेर गाडीपाशी त्याची आई वाटच बघत होती. "मी सगळं ऐकलं बरं का," ती म्हणाली. "एक गोल झाला. मग दुसरा झाला, आणि तो कुठेतरी गेला. मग असं गप्प झालं की मी झाऱ्या खाली ठेवला. काय झालं तेव्हा?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"बरं," आई म्हणाली. तिने एकच कागदी थाळी घेतली, काठोकाठ भरली, वर कांदा पेरला, आणि त्यात दोन काटे खोचले.

योरीनने वेसेलपुढे हात केला. "फोन दे तुझा."

"कशाला?"

"नंबर लिहिते," ती म्हणाली. "पुढच्या ऑगस्टपर्यंत कोण थांबतंय..."