शीलू गाडी मागे घेते

त्या रात्री बबिताला झोप लागली नाही ती एवढ्यासाठी, की आपण पोरीला आजवर कोणकोणत्या थापा मारल्या ते तिला धड आठवेना. पप्पा लांबच्या फेरीवर गेलेत. पप्पांची गाडी बिघडली. पप्पा पुरात अडकले. एप्रिलात पूर कसला, हे साडेचार वर्षांच्या शीलूनं अजून विचारलं नव्हतं, पण विचारणार होती. आणि परवा, घास भरवता भरवता, बबिता नुसतीच म्हणून गेली होती, "तू बोलावलंस की येतील पप्पा. खा बरं पटकन." डी.एड.ला बालमानसशास्त्र घेतलेली बाई ही! तिनं कूस बदलली.

सिद्धोधन, तिचा नवरा, ट्रक चालवायचा. हिवाळ्यात परतीच्या भाड्यात त्यानं कोंड्याची पोती भरली, आणि दूर तिकडं दोन राज्यांच्या सीमेवर, जंगलातल्या नाक्यावर, त्या कोंड्याखालून गांजा निघाला. पोती कुणी भरून दिली? ढाब्यावरच्या एका माणसानं. तोंडाला रुमाल होता, फोन आता लागत नव्हता. सिद्धोधनला सांगता येत होतं ते एवढंच, आणि एवढ्यावर कोर्ट ऐकत नसतं. इतक्या मालाला कमीत कमी दहा वर्षं, वकील म्हणाले होते.

देवगाव फाट्यावरून थोडं आत त्यांचं घर. अंगणाला कुंपण घातलं नव्हतं, कारण गाडी आत यायची. सिद्धोधन ती उलटी आत घ्यायचा आणि शीलू क्लीनरसारखा हात हलवत, मागं मागं सरकत ओरडायची, "येऊ द्या... येऊ द्या..." शेवटी दाराशी आली की भिंतीवर चापट मारून, "बस!"

दुसऱ्या दिवशी ऊन कललं तशी बबिता वाळवणाच्या मिरच्या गोळा करायला अंगणात आली, तर शीलू रस्त्याकडच्या बाभळीपाशी उभी. रिकाम्या रस्त्याकडं बघून हात हलवत होती.

"येऊ द्या... डावीकडं घ्या... येऊ द्या..."

"काय करतेस गं?"

"गाडी मागं घ्यायलेय."

बबिताला हसू आलं, मग डोळे भरून आले, आणि मग दोन्हीची लाज वाटली. खेळतंय लेकरू, खेळू दे.

पण पुढच्या दिवशी शीलू पाण्याच्या हौदापाशी उभी होती. त्याच्या पुढच्या दिवशी बाजेपाशी. ती मागं सरकत होती, म्हणजे पुढून काहीतरी सरकत होतं. कोंबड्या मधली वाट सोडून कडेकडेनं जायला लागल्या. दोरीवरची लुगडी वारा नसताना वर उचलली जायची, खालून काही उंच निघाल्यासारखी, आणि हळूच खाली पडायची. मग वास यायचा. तापलेल्या डिझेलचा, ओल्या कोंड्याचा, आणि त्याखाली आणखी एक, हिरवट, चिकट, घशात बसून राहणारा.

"माह्या लेकाच्या गाडीचा वास हाय ह्यो," सासू पंचफुला दारात बसून म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उजेड होता.

"आत्याबाई, गाडी तिकडं पोलीस ठाण्यात उभी आहे. जप्त केलीय."

"मंग वास कशाचा यायलाय?"

"तुम्हीच म्हणता ना, आपल्यात असलं काही मानत नाहीत."

"मानत न्हाईच. वास यायलाय, एवढंच म्हनले मी."

बबितानं भिंतीकडं पाहिलं. तिथं बुद्ध आणि बाबासाहेब होते, आणि त्यांच्यासमोर असली भीती बोलून दाखवायची तिला चोरी होती. ज्यांच्यात मानतात त्यांना निदान अंगारा तरी आणता येतो. शिकलेल्या माणसानं जायचं कुणाकडं? अंगणवाडीच्या बाईंकडं?

शिवाय खरी भीती वेगळीच होती. जिवंत माणूस असा, गाडीविना, वासानं येत नाही. सिद्धोधन असा येत असेल तर तिकडं तुरुंगात...

चौथ्या दिवशी दिवेलागणीला तिनं वकिलांना फोन लावला.

"ते... बरे आहेत ना?"

"अहो, धडधाकट आहे. आजच कोर्टात भेटला. मुलीबद्दल विचारलंय त्यानं."

तिला हायसं वाटलं आणि तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. वकील पुढं बोलतच होते. जामीन फेटाळला. वरच्या कोर्टात जाऊ, पण आशा फार धरू नका. ज्यानं माल भरून दिला तो समोर आल्याशिवाय काही व्हायचं नाही.

"येऊ दे की मग त्याला समोर!" ती फोनवरच ओरडली. "येऊ दे ना एकदाचं..."

फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं. सिद्धोधन तिकडं धडधाकट आहे. मग अंगणात...

"येऊ द्या..." शीलूचा आवाज अगदी दारातून आला. "येऊ द्या... येऊ द्या..."

"शीलू! आत ये! आधी आत ये..."

शीलूची पाठ चौकटीला टेकली होती. तिनं आईकडं न बघता, थांब, असा हात केला. मग भिंतीवर चापट मारली.

"बस!"

अंगणात काहीतरी जड, दमलेलं, धापा टाकत थांबलं. चुलीतला जाळ आडवा झाला. गाडीचं लोखंडी दार करकरत उघडल्याचा आवाज आला.

"सिधू... आलास का रे बाबा..." पंचफुला धडपडत उठली, उंबरा ओलांडून बाहेर गेली. दोन पावलं गेली आणि थबकली. मग तिनं सावकाश डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत पुढं ओढला आणि मान खाली घातली. परका पुरुष समोर आला की ती ओढायची, तसाच.

बबितानं बाहेर डोकावलं. अंगण रिकामं होतं. कोंड्याची धूळ तेवढी हवेत तरंगत होती.

"शीलू..." तिनं विचारलं. "पप्पा... आहेत का गं?"

शीलूनं मान हलवली. नाही. ती वर बघत होती, उंच माणसाकडं बघावं तशी, आणि ऐकत होती.

मग वळून, खुशीत म्हणाली, "आई, रुमाल बांधलेले काका म्हनायलेत, गाडीत पप्पाची जागा मोकळीच हाय. मी बसू?"