खंडेनवमीची तीन काडतुसं

कमलाकांतरावांच्या शिकारी रायफलीने उभ्या जन्मात वाघ पाहिला नव्हता. गिरगावातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात ती वर्षातून एकदाच, खंडेनवमीला, पेटीबाहेर यायची. रिकाम्या शस्त्राची पूजा करायची नाही, ही घरची रीत. नवरा गेल्यावर यशोदाबाईंनीही ती मोडली नाही. पंचावन्न साली त्यांनी तीन काडतुसांना कुंकू लावलं, ती रायफलीत भरली आणि वरून मूठभर अक्षता टाकल्या. अक्षता आतल्या यंत्रात गेल्या आणि रायफल जी अडकली ती अडकलीच.

एरवी कुणाचं काही बिघडलं नसतं. पण संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली आणि चौकीतून चिठ्ठी आली: परवान्याची हत्यारं आज संध्याकाळपर्यंत जमा करा. भरलेली बंदूक तर चौकी घेईना. परवाना मुलाच्या, मनमोहनच्या, नावावर होता. तो आधीच पोलिसांच्या डोळ्यांवर आलेला, आणि आज सकाळीच मोर्चाबरोबर फोर्टात गेला होता.

"भाऊजी, काहीही करा, पण आज मोकळी करा," यशोदाबाई म्हणाल्या. "नाहीतर त्याला घेऊन जातील हो."

गुरुदत्त हा कमलाकांतरावांचा जुना मित्र. तीस वर्षं बंदुकांच्या दुकानात कारागिरी केलेली, त्यामुळे बिघाडाला कारण असतंच, यावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास. पाटावर रायफल आडवी ठेवून त्याने नळी कोऱ्या भिंतीकडे केली. सुईने तांदूळ टिपले, तेल सोडलं. घोड्याखालची कडी खाली ओढली की आतलं काडतूस बाहेर पडायला हवं. कडी हलेना. मग जराशी सरकली.

टण्णकन काडतूस फरशीवर पडलं. गुरुदत्तने उचललं आणि चटका बसून टाकून दिलं. ते रिकामं होतं. जळलेल्या दारूचा ताजा वास येत होता.

"बार झाला का?"

"नाही, वहिनी. घोडा पडलेलाच नाही. जुनं रिकामं राहिलं असेल आत."

"भरलेलं होतं. हे काय, माझं कुंकू."

कुंकू होतं खरं. गुरुदत्तने नळी कुठे रोखलीय ते पाहिलं. समोरची भिंत दक्षिणेची, फोर्टाकडची, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. त्याने नळी वळवायला घेतली. रायफल पाटावरून तसूभर हलली नाही.

कडी आपोआप खाली आली. दुसरं काडतूस पडलं, तेही गरम.

त्याने कडी दोन्ही हातांनी आवळून धरली. यशोदाबाईंनी वरून आपले हात दाबले.

"सोडू नका, भाऊजी."

तो सोडत नव्हता. चार हातांसकट कडी सावकाश खाली गेली.

तिसरं.

मग रायफल हलकी झाली. कडी एका बोटाने वरखाली होऊ लागली.

जिन्यावर पावलं वाजली. चार-पाच जण होते. दार उघडंच होतं. पुढच्याच्या हातात मनमोहनच्या रक्ताळलेल्या चपला होत्या.

यशोदाबाईंनी मागे वळून पाहिलं नाही.

"मोकळी झाली ना?" त्या म्हणाल्या. "मग आता त्याला कुणी न्यायचं नाही."