चौथा खर्डा

शिलाईच्या मशीनला तेल घातलं की पहिले दहा टाके चिंधीवर मारायचे. नाहीतर चांगल्या कापडावर डाग पडतो.

आईचा फोन : "अगं, तुझं पत्र उपासनेत वाचून दाखवलं! पुढच्या बाकावरचे काकासुद्धा डोळे पुसत होते."

मशीनं दुरुस्त करणाऱ्याच्या कानामागे कायम एक पेन्सिल.

चौदा महिने परदेशात सेवा. प्रभूकडे वळलेला माणूस : एकही नाही.

देवाच्या नावाने खोटं बोलायला मला वीस मिनिटं पुरली.

•

तो भेटला तो चढावर. मिशनच्या शिवणवर्गातलं एक मशीन बंद पडलं होतं. त्या मशीनचं लोखंडी डोकं टॉवेलात गुंडाळून, कडेवर घेऊन मी दुकानांच्या रस्त्याला निघाले होते. भुरभुर पाऊस… आणि मागून आवाज.

"किती महिन्यांचं?"

"चाळीस वर्षांचं," मी म्हणाले. "कालपासून तोंडातून आवाज नाही."

"कुणावर गेलंय?"

"माझ्यावर तर नक्कीच नाही."

"ते दिसतंच आहे," तो हसला. "द्या इकडे. मशीनंच दुरुस्त करतो मी. संध्याकाळपर्यंत बडबडायला लावतो."

मग दर गुरुवारी तो वर्गावर येऊ लागला. तेल, पट्टे, पायडल. वर्गातल्या बायकांना चिडवायला तेवढंच पुरे.

"बाई, माझं मशीन बघायला सांगा ना त्यांना."

"काय झालंय?"

"मशीनला काही नाही. पण तुम्ही सकाळपासून तीनदा दाराकडे बघितलंत, म्हणून म्हटलं…"

मी रागावल्यासारखं करायची. कान मात्र तापायचे.

चार वाजता मी प्रार्थना घ्यायची. त्या वेळी अकराच्या अकरा मशीनं एकदम थांबत. तो कोपऱ्यात सुटे भाग मांडून बसलेला असे. उठून जाणं बरं दिसत नाही, म्हणून थांबे. एका गुरुवारी "आमेन" म्हणून डोळे उघडले, तर त्याने तेलकट हाताने तोंड झाकलं होतं. खांदे हलत होते.

बायका गेल्यावर मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही… आई घरी शिवायची. मशीन थांबलं की जेवायला हाक यायची." तो पाना पुसत राहिला. "तीन महिने झाले तिला जाऊन. आज सगळी मशीनं थांबली, आणि मी हाकेची वाट बघत बसलो. वेडाच आहे ना मी?"

मी त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि दुसरं, कोरडं दिलं. एवढंच. पण त्या रात्री मला झोप आली नाही.

•

दर महिन्याला मायदेशी चर्चच्या मंडळीला पत्र लिहायचं असतं. सेवेचा वृत्तांत, प्रार्थनेचे विषय. त्या महिन्याच्या पत्राचे खर्डे :

पहिला. प्रार्थनेच्या वेळी मशीन दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला आईची आठवण येऊन रडू आलं.

दुसरा. प्रार्थनेच्या वेळी एका माणसाचं अंतःकरण हेलावलं. त्याला प्रभूचा स्पर्श झाला असावा.

तिसरा. 'असावा' खोडलं.

चौथा. आईच्या वियोगाने खचलेल्या एका बंधूने अश्रू ढाळत आपलं जीवन प्रभूच्या हाती सोपवलं.

चौथा गेला.

•

दोन महिन्यांनी आमच्या चर्चचे पाळकसाहेब सेवेची पाहणी करायला स्वतः आले. सोबत मंडळीतले दोन वडीलधारे. "पत्रातल्या त्या बंधूला भेटायचंय," हे त्यांचं पहिलं वाक्य. शनिवारी दुकानात जाऊन त्यांनीच त्याला खाणाखुणांनी बोलावलं. त्याला वाटलं, मशीनचंच काही काम असेल.

रविवारी मशीनं भिंतीला लावून उपासना भरली. धुतलेला शर्ट घालून तो मागे बसला. पाळकसाहेबांनी माझं पत्र उघडलं आणि म्हणाले, "ताई, तूच भाषांतर कर."

पहिल्याच रांगेत मावशी. आमची थोरली सेविका, वीस वर्षं इथे, दोन्ही भाषा तिला तोंडपाठ. एक शब्द गाळायची सोय नव्हती. त्याची आई, तिचं जाणं, ते रडू, आणि त्याने कधीच न केलेली गोष्ट… सगळं मी त्याच्याच भाषेत त्याला ऐकवलं.

"आता बंधूंनी साक्ष द्यावी," पाळकसाहेब म्हणाले.

तो उभा राहिला. माझ्याकडे बघितलं.

"यांना सांगा," तो म्हणाला, "मला चारचौघांत बोलता येत नाही. मशीनचं काही असेल तर विचारा."

मी ते सांगितलं. वडीलधारे कौतुकाने हसले. "किती नम्र!" पाळकसाहेब म्हणाले.

त्याने मला वाचवलं होतं. त्यापेक्षा त्याने मला तोंडावर खोटारडी म्हटलं असतं, तर बरं झालं असतं.

मग प्रभुभोजन. भाकरीचं ताट हातोहात माझ्याकडे आलं. ज्याचा अपराध केलाय त्याच्याशी समेट केल्याशिवाय हे घ्यायचं नाही, असं लहानपणी रविवारच्या शाळेत मीच घडाघडा म्हणून दाखवायची. ताट मी तसंच पुढे दिलं आणि उठून उभी राहिले.

आधी आमच्या भाषेत सांगितलं, पाळकसाहेबांकडे बघून : पत्र खोटं आहे. मग त्याच्या भाषेत, त्याच्याकडे बघून. एकच लाज, दोनदा.

तो शेवटपर्यंत ऐकत उभा होता. मग खुर्ची नीट जागेवर लावून निघून गेला.

"महिनाअखेर तुला परतावं लागेल," पाळकसाहेब संध्याकाळी म्हणाले. "मंडळीला मी काय सांगू?"

"मी लिहून देते. तेही वाचून दाखवा."

आईला फोन करून सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग, "जेवलीस का?"

•

गुरुवारी तो येणार नाही, असं मी स्वतःला चार दिवस बजावत होते. पावणेचारला तो आला. कोपऱ्यात बसला. बायका नुसत्या शिवत राहिल्या.

"आईचं मी तुम्हाला सांगितलं होतं," तो खाली मान घालून म्हणाला. "तुमच्या मंडळीला नाही."

"हो."

"राग आलाय मला."

"हो."

"नुसतं हो हो काय? भांडा तरी."

"भांडायला माझ्याकडे काही नाहीये."

चार वाजले. मशीनं थांबली. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि माझी मान वर होईना.

"करा की प्रार्थना," तो म्हणाला.

"कुठल्या तोंडाने?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

मी केली. दोनच वाक्यं. सोळा महिने मी इथे क्षमेवर बोलत होते; मागितली त्या दिवशी. "आमेन" म्हणताना मागून एक जाडसर आवाज मिसळला – की मला तसं वाटलं. नाही, हे लिहीत नाही. नक्की माहीत नाही.

बायका गेल्या. तो रेंगाळला.

"एक विचारू? त्या पत्रात मला बंधू का केलंत?"

"आमच्यात तसंच लिहितात."

"तेवढं आधी खोडा." पहिल्यांदाच तो किंचित हसला. "बाकीचं नंतर बघू."

"मी… महिनाअखेर जातेय."

"मावशींनी सांगितलं." त्याने पेटी उचलली, परत खाली ठेवली. "परत ये."

'ये' म्हणाला. 'या' नाही.

"म्हणजे राग गेला?"

"छे. तो जायला वेळ लागणार. म्हणून तर म्हणतोय, ये… आणि बरीच वर्षं राहा."

मी त्याच्या हाताकडे हात नेला. त्याचा तेलकट होता. त्याने आधी शर्टाला पुसला, मग दिला.

•

ज्या सकाळी मी चौथा खर्डा लिहिला, त्या सकाळी तो दारात येऊन विचारत होता, "रविवारी तुमच्या उपासनेला कुणीही येऊ शकतं का?" मी मान वर न करता म्हणाले होते, "नंतर बोलू, मला एक पत्र पूर्ण करायचंय."